पन्नासची, शंभरची की रोजची पाचची? ताठरतेच्या गोळ्यांची पारख

बेळगावात खडेबाजारापासून टिळकवाडीपर्यंत कुठल्याही मेडिकलवर ही गोळी पूर्ण नावाने क्वचितच मागितली जाते. गिऱ्हाईक दुकान रिकामं व्हायची वाट बघतं आणि हळूच "पन्नासची द्या" म्हणतं. खानापूरचा माणूस त्यासाठी बेळगाव गाठतो, निपाणीचा कोल्हापूर, आणि चंदगड-गडहिंग्लजचा हद्द ओलांडून इकडे येतो. लाज समजण्यासारखी आहे. पण गावातल्या मेडिकलवाल्याला आपल्या हृदयाच्या, प्रेशरच्या, साखरेच्या गोळ्या माहीत असतात आणि परगावच्या दुकानदाराला त्यातलं काहीच ठाऊक नसतं. या औषधाचा सगळ्यात मोठा धोका नेमका त्या दुसऱ्या गोळ्यांशीच जोडलेला आहे.

दुकानात जे मिळतं ते ढोबळमानाने असं: सिल्डेनाफिल ५० आणि १०० मिलीग्राम, टाडालाफिल १० आणि २०, टाडालाफिलचीच रोज घ्यायची ५, या औषधांत डॅपॉक्सेटिन (लवकर वीर्यस्खलनावरचं औषध) मिसळलेल्या जोडगोळ्या, जिभेवर विरघळणाऱ्या गोळ्या, जेली, आणि शेवटी "शंभर टक्के आयुर्वेदिक" म्हणून विकली जाणारी चूर्णं-कॅप्सूल. मॅनफोर्स, सुहाग्रा, पेनेग्रा, कॅव्हर्टा ही सिल्डेनाफिलची नावं. मेगॅलिस आणि टाडासिप ही टाडालाफिलची. आतलं औषध आणि मिलीग्राम सारखे असतील तर ब्रँडवरून भांडण्यात अर्थ नाही. एका गोळीची किंमत काढून बघा, फरक बराच असतो.

"गोळी डुप्लिकेट निघाली" ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते. बहुतेक वेळा गोळी अस्सल असते, घेण्याची पद्धत चुकलेली असते. नेमकं काय चुकलं हे कळायला ती शरीरात कुठे बसते ते आधी बघावं लागतं.

शिश्नात पोकळ्यांनी भरलेल्या दोन लांब नळकांड्या असतात. एरवी त्यांच्या भिंतींतला मऊ स्नायू आवळलेला असतो, म्हणून आत रक्त जेमतेम शिरतं. म्हणजे ताठरता येते ती स्नायू सैल पडल्याने, जोर लावल्याने नव्हे. मनात इच्छा आली किंवा स्पर्श झाला की मज्जातंतूंच्या टोकांतून आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साईड सुटतो. तो स्नायूच्या पेशीत शिरून सायक्लिक जीएमपी नावाचं रसायन तयार करवतो. त्याने पेशीतलं कॅल्शियम उतरतं, स्नायू सैलावतो, धमन्या रुंदावतात आणि पोकळ्या रक्ताने भरतात. भरलेल्या पोकळ्या बाहेरच्या चिवट आवरणाखालच्या शिरा दाबून टाकतात, त्यामुळे आलेलं रक्त आतच अडकतं. काम झालं की पीडीई-५ हे विकर (एन्झाइम) सायक्लिक जीएमपी तोडतं आणि सगळं पूर्ववत होतं.

या वर्गातल्या साऱ्या गोळ्या फक्त त्या शेवटच्या विकराला अडवतात. नायट्रिक ऑक्साईड त्या तयार करत नाहीत, इच्छाही वाढवत नाहीत. हौदाचं खालचं भोक बुजवलं म्हणून हौद आपोआप भरत नाही, वरचा नळ सुरू असावा लागतो. गोळी घेऊन मोबाईल बघत पडलेल्या माणसाला काही होत नाही ते यामुळेच. पंचवीस वर्षांच्या, सकाळी उठताना व्यवस्थित ताठरता येणाऱ्या नवऱ्या मुलाची गोळी "फेल" जाते तेव्हाही बहुधा हाच प्रकार असतो. धास्तीमुळे अॅड्रेनालिन वाढतं, ते हाच स्नायू आवळून धरतं आणि गोळी त्याच्यावर पूर्ण मात करू शकत नाही. अशा मुलाला पन्नासवरून शंभरवर नेण्यापेक्षा डॉक्टरशी अर्धा तास मोकळं बोलू दिलेलं बरं.

सिल्डेनाफिल: जुनी, भरवशाची, पण जेवणाशी हाडवैर

फायझर कंपनीच्या इंग्लंडमधल्या सँडविच इथल्या प्रयोगशाळेत हे औषध प्रेशर आणि छातीतल्या कळेवर म्हणून शोधलं जात होतं. मूळ कामात ते फिकं पडलं आणि चाचणीतल्या पुरुषांनी भलताच परिणाम सांगितला. मार्च १९९८ मध्ये अमेरिकेत ताठरतेसाठी त्याला मंजुरी मिळाली. त्याच वर्षी नायट्रिक ऑक्साईडच्या शोधासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि म्युराड या तिघांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

उपाशीपोटी घेतल्यास रक्तात याची सर्वाधिक पातळी अर्ध्या ते दोन तासांत येते, मधला आकडा एक तास. पातळी निम्मी व्हायला साधारण चार तास लागतात, म्हणून कामाचा पल्ला चार-पाच तासांचा धरावा. तेलकट, जड जेवणानंतर घेतली तर ती सर्वोच्च पातळी सुमारे एक तास उशिरा येते आणि २९ टक्क्यांनी खालीही राहते. आता आपल्याकडचा रविवार डोळ्यांपुढे आणा. दुपारी मटण, तांबडा रस्सा, वर साजूक तुपातला कुंदा, संध्याकाळी गोव्याहून आणलेल्या बाटलीतले दोन-तीन पेग, रात्री पुन्हा तोच रस्सा, आणि त्यावर पन्नासची गोळी. अर्ध्या तासात काही झालं नाही म्हणून दुसरी! पहिली अजून पोटातच असते. दोन्ही मिळून पहाटे डोकं धरतं, आणि दारूने प्रेशर उतरतं ते वेगळंच. दारू मज्जातंतू सुस्त करते, म्हणजे वरचा नळच बारीक होतो.

घ्यायची रीत सोपी आहे. संध्याकाळी हलकं खाणं, त्यानंतर दोनेक तासांनी पाण्याबरोबर गोळी, मग तासभर घाई नाही. चोवीस तासांत एकच. बहुतेकांसाठी सुरुवात ५० मिलीग्रामने होते. पासष्टीपुढचे, यकृताचा आजार असलेले आणि मूत्रपिंड फार कमकुवत झालेले यांना डॉक्टर २५ ने सुरू करतात. एका प्रयत्नावर निकाल लावू नये. डॉक्टर सहसा योग्य मात्रेत सहा-आठ वेळा बघितल्यावरच औषध निकामी ठरवतात.

शंभरची मागणाऱ्यांनी एक आकडा बघावा. मूळ चाचण्यांत सुधारणा झाली असं सांगणारे पुरुष २५ मिलीग्रामवर ६३ टक्के, ५० वर ७४ आणि १०० वर ८२ टक्के होते. औषध नसलेल्या खोट्या गोळीवरही २४. म्हणजे मात्रा दुप्पट केल्यावर हाती आले आठ टक्के, त्रास मात्र वाढतो. मधुमेह्यांमध्ये सुधारणा ५७ टक्क्यांनाच दिसली, कारण साखरेने अस्तर आणि मज्जातंतू दोन्ही खराब केलेले असतात आणि नायट्रिक ऑक्साईडच कमी सुटतो. तंबाखूनेही अस्तराचं हेच होतं. निपाणीच्या पेठेवर कितीही अभिमान असला तरी रोज बंडलभर बिडी ओढणाऱ्याने गोळीला दोष देऊ नये.

त्रास कोणता? डोकं दुखणं, चेहरा तापून लाल होणं, नाक चोंदणं, छातीत जळजळ. पीडीई-५ विकर चेहऱ्याच्या, नाकाच्या आणि डोक्याच्या रक्तवाहिन्यांतही असतं, आणि अन्ननलिकेच्या खालच्या तोंडाचा स्नायूही या औषधाने थोडा सैलावतो, म्हणून हे सगळं. काहींना काही वेळ सगळं निळसर दिसतं किंवा उजेड डोळ्यांवर येतो. डोळ्याच्या पडद्यात पीडीई-६ हे भावंड विकर असतं, सिल्डेनाफिल त्यालाही थोडं चिमटतं. तशा रात्री चोर्ला घाटात गाडी चालवू नये. आमचा कौल: पहिल्यांदा घेणाऱ्यासाठी ५० ची, पाचपैकी चार. शंभरची फक्त डॉक्टरने वाढवून दिली तरच.

टाडालाफिल: वेळ न बघता जगायचं असेल तर

हिची पातळी निम्मी व्हायला साडेसतरा तास लागतात आणि असर ३६ तासांपर्यंत राहू शकतो. याचा अर्थ ३६ तास ताठरता असा नाही. तेवढ्या वेळात इच्छा झाली तर शरीर साथ देतं, इतकंच. जेवणाचा हिच्यावर परिणाम होत नाही. एकत्र कुटुंबात पाहुण्यांच्या जेवणावळी उरकून खोलीत जायला कधी बारा वाजतील ते सांगता येत नाही, तिथे ही सोय मोठी आहे. पातळी चढायला मात्र साधारण दोन तास, म्हणून आयत्या वेळी घेऊन उपयोग नाही. सुरुवात १० ने, कमाल २०.

रोजची ५ मिलीग्राम ही वेगळीच चाल आहे. रोज एका ठराविक वेळी घेतली की पाचेक दिवसांत रक्तातली पातळी स्थिर होते. प्रोस्टेट वाढल्याने रात्री चार-चारदा उठणाऱ्या गृहस्थाला लघवीसाठीही हीच गोळी चालते, एका दगडात दोन पक्षी. साठीच्या आसपासच्या माणसाला आम्ही पहिली हीच सुचवू, अर्थात डॉक्टरच्या चिठ्ठीने. मूत्रपिंड फार बिघडलेलं असेल तर रोजची देत नाहीत.

हिचा खास त्रास म्हणजे कंबर आणि मांड्यांचं दुखणं. बहुधा अर्ध्या-एका दिवसाने सुरू होतं आणि दोन दिवसांत थांबतं. शेतात वाकून काम झालं असेल म्हणून माणूस झंडू बाम चोळत बसतो, गोळी आठवत नाही. निळसर दिसण्याचा प्रकार हिच्यात जवळजवळ नाही. पण लांब टिकण्याची दुसरी बाजूही आहे: त्रास झाला तर तोही लांबतो, आणि छातीत कळ आली तर डॉक्टरचे हात जास्त वेळ बांधलेले राहतात.

ही एक गोष्ट लपवायची नाही

छातीतल्या कळेवरची औषधं: सॉर्बिट्रेट, मोनोट्रेट, नायट्रोग्लिसरीनच्या गोळ्या-स्प्रे-पट्ट्या (ही सगळी नायट्रेट), आणि निकोरँडिल. यांपैकी काहीही चालू असेल, किंवा "लागली तर" म्हणून खिशात असेल, तर सिल्डेनाफिल नाही आणि टाडालाफिलही नाही. मात्रा कमी करूनही नाही. नायट्रेट शरीराला बाहेरून नायट्रिक ऑक्साईड पुरवतं, म्हणजे वरचे सगळे नळ एकदम पूर्ण सोडले जातात, आणि आपली गोळी त्याच वेळी निचरा बंद करते. हे फक्त शिश्नात नाही, अंगभरच्या रक्तवाहिन्यांत होतं. प्रेशर इतकं कोसळू शकतं की माणूस उठून उभा राहताच पडतो, आणि जीवही जाऊ शकतो.

उलट बाजूही लक्षात ठेवा. गोळी घेतल्यावर छातीत कळ आली तर थांबायचं, जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवायची नाही, आणि १०८ ला फोन करायचा. येणाऱ्या माणसांना कुठली गोळी, किती मिलीग्रामची, किती वाजता घेतली ते स्पष्ट सांगायचं. सिल्डेनाफिलनंतर २४ तास आणि टाडालाफिलनंतर ४८ तास डॉक्टर नायट्रेट टाळतात. बायकोला ठाऊक नसेल आणि माणूस बेशुद्ध असेल तर हे सांगणार कोण? निदान रिकामी स्ट्रिप तरी घरात सापडेल अशा ठिकाणी ठेवावी.

प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन किंवा प्रेशरसाठी प्राझोसिन घेणाऱ्यांना गोळी पूर्ण बंद नसते, पण आधी तो डोस स्थिर करून मग सगळ्यात लहान मात्रेने सुरू करतात, नाहीतर चक्कर. प्रेशरसाठी अॅम्लोडिपिन घेणाऱ्यांचं प्रेशर थोडं जास्त उतरतं, बहुतेकांना चालतं. एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन, किटोकोनाझोल या गोळ्या सिल्डेनाफिलचं यकृतातलं विघटन अडवतात आणि पातळी चढवतात. एचआयव्हीवरच्या एआरटी औषधांमध्ये रिटोनाविर असेल तर सिल्डेनाफिलची कमाल २५ मिलीग्राम, तीही ४८ तासांत एकदाच. टीबीची रिफॅम्पिसिन उलटं करते, औषध इतक्या झपाट्याने मोडून टाकते की असर जवळपास दिसतच नाही. टीबीचा कोर्स चालू असताना "गोळी डुप्लिकेट" म्हणणाऱ्याचं उत्तर इथे आहे.

बाकीचा माल

जोडगोळ्यांत ताठरतेच्या औषधाबरोबर डॅपॉक्सेटिन असतं, ते लवकर वीर्यस्खलन होण्यावरचं. दोन वेगळ्या तक्रारी, दोन वेगळे इलाज. ज्याला एकच तक्रार आहे त्याने दुसऱ्याचे त्रास फुकट का घ्यावेत? डॅपॉक्सेटिनने काहींना भोवळ येऊन पडायला होतं आणि वर सिल्डेनाफिल प्रेशर उतरवतं. "डबल पॉवर" म्हणून काउंटरवरून सरकवली जाते, आम्ही तिला पाचपैकी एकही देणार नाही. जेली आणि जिभेवर विरघळणारी गोळी गिळायला सोपी एवढाच फायदा. आतलं सिल्डेनाफिल तेच, जेवणाचा नियमही तोच.

आता चूर्णं. पुणे-बेंगळुरू हमरस्त्यावर संकेश्वर, निपाणीच्या आसपास तंबू लावून जडीबुटी विकणारे दिसतात, आणि "अमुक तारखेला अमुक लॉजवर भेटा" असे गुप्तरोगवाले कागद एसटी स्टँडच्या मुतारीत चिकटवलेले असतात. अशा जाहिरातींवर १९५४ च्या औषधे आणि जादुई उपाय कायद्याने बंदी आहे, कागद मात्र चिकटतच राहतात. तासाभरात असर दाखवणारं "शिलाजित" असेल तर त्यात सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल मिसळलेलं असण्याची दाट शक्यता आहे. असे नमुने देशोदेशीच्या औषध खात्यांनी वारंवार पकडलेत. मात्रा किती ते बनवणाऱ्यालाही माहीत नसते. हृदयरोगी मात्र आयुर्वेदिकच तर आहे म्हणून बिनधास्त घेतो आणि खिशातली सॉर्बिट्रेटही चालू ठेवतो. या मालाला शून्य.

मेडिकलमध्ये घेताना काय बघावं

ही औषधं चिठ्ठीवरच विकायची आहेत, स्ट्रिपवर लाल रेघ असते. चिठ्ठी न मागता हसत देणारं दुकान सोयीचं वाटतं, पण "हृदयाची काही गोळी चालू आहे का काका?" असं विचारणारा फार्मासिस्ट जास्त मोलाचा. बिल मागा. बिलावरचा बॅच नंबर आणि मुदत स्ट्रिपशी जुळते का ते बघा. नावाखाली औषधाचं मूळ नाव आणि मिलीग्राम छापलेले नसतील तर परत करा. सिल्डेनाफिलची चिठ्ठी बाईच्या किंवा लहान मुलाच्या नावाची असेल तर दुकानदाराने भुवया उंचावू नयेत: फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांचं प्रेशर वाढण्याच्या आजारावर हेच औषध दिलं जातं, मोठ्यांना सहसा २० मिलीग्रामच्या मात्रेत दिवसातून तीनदा.

शंभरची अर्धी करून घेणं डॉक्टरने सांगितलं असेल तर चालतं, पण ब्लेडने नको, गोळी कापायच्या डबीने. नाहीतर एक तुकडा साठचा, दुसरा चाळीसचा. खानापूर, जांबोटीकडच्या पावसाळ्यात उघडा अर्धा तुकडा दमट होतो, तो बंद डबीत ठेवून लवकर संपवावा. उन्हाळ्यात बाईकच्या डिकीत स्ट्रिप ठेवू नये.

डॉक्टरकडे गेल्यावर नुसती गोळी लिहून घेऊन उठू नये. शिश्नाच्या धमन्या १ ते २ मिलिमीटर रुंदीच्या, हृदयाच्या ३ ते ४. चरबीचा थर आधी बारीक नळीत जाणवतो, म्हणून चाळिशी-पन्नाशीत नव्याने सुरू झालेली ही तक्रार हृदयाच्या दुखण्याची काही वर्षं आधी आलेली सूचना असू शकते. उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी, कोलेस्टेरॉल, प्रेशर आणि सकाळी ८ ते ११ च्या दरम्यान घेतलेलं टेस्टोस्टेरॉन एवढ्या तपासण्या मागून घ्या. टेस्टोस्टेरॉन कमी असेल तर इच्छाच मंदावते आणि एकट्या गोळीने पुरेसं काम होत नाही. प्रेशरवरची अॅटेनोलॉल, थायझाइडवर्गातल्या लघवीच्या गोळ्या, नैराश्यावरची काही औषधं यांनीही ताठरता कमी होते. ती आपणहून बंद करू नयेत, बदलून मागावीत. दोन जिने न थांबता चढताना धाप लागत असेल किंवा छाती भरून येत असेल तर आधी हृदयाच्या डॉक्टरकडे, गोळी नंतर.

बेळगावात सिव्हिलमध्ये किंवा नेहरूनगरच्या केएलईत केसपेपर काढताना तक्रार मोठ्याने सांगावी लागत नाही, "युरोलॉजी" एवढं पुरे. एरवी चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप पिशवीत घालून न्या. दोन प्रसंगांत मात्र ओपीडीच्या वेळेची वाट बघायची नाही. ताठरता चार तासांपुढे टिकली, दुखायला लागली, तर रात्र असो की पहाट, थेट कॅज्युअल्टी. तिथे सुईने अडकलेलं रक्त काढतात, लागल्यास फेनिलेफ्रिनचं इंजेक्शन देतात, आणि उशीर केला तर आतला स्नायू कायमचा मरतो. आणि गोळीनंतर एका डोळ्याने अचानक दिसेनासं झालं किंवा एका कानाने ऐकू येईनासं झालं, तर पुढची गोळी बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर.